पोळ्याच्या दिवशी कोंडवाडा

मी ग्रामपंचायतीची मेंबर कशी झाले ते आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा गैरसमज नको. बायांची जागा भरायची होती, कायद्यातच तसं होतं, आणि गावात सही करता येणाऱ्या सुना मोजून तीन. एक बाळंतपणाला माहेरी गेलेली, दुसरीचा नवरा नाही म्हणाला. मग सरपंच आमच्या घरी आले. मी दाराआड उभी. सासरे बाजेवर बसून सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "आमच्या सुनेचं नाव लिहा. चौथी शिकली हाये. बसीन एका कोपऱ्यात, सांगान तिथं सही करीन."

त्या बोलण्याचा मला राग आला होता. खरं सांगायचं तर अजूनही येतो.

आमचं गाव रिठदच्या अलीकडचं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. गावाला लागून एक टेकाड, ई-क्लासचं, म्हणजे सरकारी चराऊ जमीन. टेकाड आमच्या डोळ्यांसमोर, पण त्यावरच्या गवताचा लिलाव दरसाल तालुक्याला व्हायचा. बाहेरगावचा ठेकेदार यायचा, गवत कापायचा आणि आम्हालाच विकायचा. मोठ्या दुष्काळात तर त्याच्या गंजीकडे बघत आमच्या दावणी रिकाम्या झाल्या. दोन वर्षांनी पंचायतीनं अर्ज केला, की या टेकाडाचं गवत गावाकडे द्या, राखायचं आणि वाटायचं आम्ही बघतो.

तालुक्याचे साहेब जीप घेऊन आले. टेकाडाला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "एक साल देतो. दिवाळीला येऊन बघेन. राखलेलं दिसलं तर पुढंही तुमचंच. नाहीतर पुन्हा लिलाव, आणि मग माझ्याकडे यायचं नाही."

म्हणजे सगळं त्या एका सालावर होतं.

चावडीत बैठक बसली. दिवाळीच्या तोंडापर्यंत टेकाडावर एकही जनावर चढायचं नाही. मग कापायला घरटी एक विळा. ज्याच्या दावणीला दहा ढोरं त्याचाही एक, ज्याच्या दारात एक शेळी त्याचाही एकच. राखणीला गावचा गायकी, जो सगळ्या गावाची गुरं चारायचा. जनावर चढलंच तर त्यानं ते कोंडवाड्यात घालायचं. आता दंड काय, तर माणसं रुपयांवर आली. मी तोवर गप्प होते. पण राहवेना. पदर सावरून म्हटलं, "रुपये ज्याच्यापाशी हायेत तो फेकून देईन अन् पुन्हा चारीन. दगड वाहाले लावा. एक गाडी दगड टेकाडाच्या बांधावर टाकल्याबिगर ढोर सुटणार नाही."

सगळे हसले, पण ठराव तोच झाला. खाली माझी सही. कोपऱ्यात बसून केलेली.

पाऊस बरा झाला. श्रावणात गवत गुडघ्याच्या वर गेलं. गावातल्या बाया पाण्याला जाताना मुद्दाम तिकडून जायच्या, नुसतं बघायला.

आणि पोळा आला. आमच्याकडे आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात आणि त्यांना हात जोडून सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." सासऱ्यांनीही सांगितलं. तोरणाखाली पहिल्या जोडीचा मान आमच्या घरचा. आमची जोडी उभी राहिल्याशिवाय गावचा पोळा फुटायचा नाही.

सकाळी मी पुरण वाटत होते. दारात सरपंच आणि त्यांच्या मागं गायकी. गायकीचा चेहरा पार उतरलेला. तो म्हणाला, "जोडी कोंडली जी. टेकाडावर चरत होती. जवळ गेलो तवा समजलं, तुमचीच हाये."

सासऱ्यांनी लपवलं नाही. लपवायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "मीच चढवली. पोळ्याच्या पहाटी माह्या बापानं तिथंच चारली, मीबी चारतो. नेम ढोरासाठी असते. आज बैल ढोर नसते, देव असते. काल आवतन देलं, अन् आज कोंडवाड्यात जेवाले घालू का?"

मनापासून बोलत होते हो. हीच तर अडचण होती.

सरपंच हळूच म्हणाले, "जाऊ द्या. सणाचा दिस हाये. सोडून देऊ, कोणाले सांगू नका." मी गायकीकडे बघितलं. त्याच्या पोटाला रोजची भाकर गावातल्या घरांतून मिळायची, आणि त्यानं गावातल्या पहिल्या घरची जोडी कोंडली होती. आता आम्हीच त्याला तोंडघशी पाडलं, तर उद्या तो कोणाच्या ढोराला हात लावणार?

पुरणाच्या हातानंच मी बाहेर आले. सासऱ्यांसमोर मी तोवर कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

"मामाजी, आज तुमचे देव सुटले, त उद्या साऱ्या गावचे देव टेकाडावर चढतीन. मंग दिवाळीले साहेबाले काय दाखवू? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावते."

सासूबाई आतून कडाडल्या, "पाहा, कुंपणच शेत खाऊन राह्यलं! घरची सून घराचेच बैल कोंडते." माझा नवरा झुली झटकत राहिला. घरात वाद झाला की तो काहीतरी झटकतोच.

सासरे माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "गाडीभर दगड वाहा म्हणते तुहा ठराव. बैल कोंडवाड्यात. अन् पोळ्याले गावातला कोणताच बैल गाडीले जुपत नसते. मंग कसा वाहू?"

ठराव करताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. सणाचा नवा फेटा उतरवून खुंटीला लावला, जुना पंचा डोक्याला गुंडाळला, टोपलं उचललं आणि नाल्याकडे चालू लागले. साठी उलटलेला माणूस. टोपल्यात दगड भरायचा, टेकाडाच्या बांधावर टाकायचा, परत फिरायचं. सगळं गाव बघायला जमलं. चार तरणी पोरं टोपली घेऊन पुढं झाली, तर त्यांच्यावर डाफरले, "हटा तिकडं. दंड माह्या घरावर हाये."

मी हात धुतले, पदर खोचला आणि गेले. मला बघून म्हणाले, "तू मेंबर हायेस. तू मोज."

"मेंबर हावो, अन् या घरचीबी हावो."

त्यांनी वाकून एक दगड उचलला आणि माझ्या टोपल्यात ठेवला. थोड्या वेळानं नवरा आला. मग सासूबाई, तोंडाचा पट्टा चालूच, पण ओच्यात दगड. इतकी वर्षं झाली, त्या दिवशी चौघं मिळून वाहिलेल्या दगडांइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटला नाही. मानाच्या जोडीचासुद्धा नाही.

ऊन कलल्यावर सासऱ्यांनी गायकीला विचारलं, "झाली का गाडी?"

"झाली जी, कवाचीच."

"खोटं नको बोलू. माहं घर हाये म्हणून सूट देतं का? पुरी झाल्यावर सांग." आणि आणखी सहा खेपा केल्या.

जोडी सुटली. शिंगं रंगवायला वेळ नव्हता, झुली तेवढ्या टाकल्या. तोरणापाशी सगळे खोळंबलेले. सरपंचांनी आमच्या जोडीला पुढं ओढलं. सासऱ्यांनी कासरा सोडला नाही. "कोंडवाड्यातून आली हाये. आज मागं राहीन." आणि गावातल्या शेवटच्या जोडीच्याही मागं जाऊन उभे राहिले, मान ताठ ठेवून. त्या वर्षी पोळा दुसऱ्याच्या जोडीनं फुटला.

त्यानंतर टेकाडावर एक शेळी चढली नाही. कोणाची हिंमत होती? दिवाळीआधी घरटी एक विळा गेला, दारोदार गंज्या लागल्या. साहेब आले, बांधापासून माथ्यापर्यंत चढले, उतरले आणि कागदावर सही केली. गवत गावाचं राहिलं.

सासरे मात्र पोळ्यापासून माझ्याशी बोलत नव्हते. हवं नको ते सासूबाईंच्या तोंडून. दिवाळीनंतर नवरा तापानं पडला म्हणून शिरपूरच्या बाजाराला मी त्यांच्यासोबत गेले, चार पावलं मागं. तिथं आसेगावकडचा एक पाहुणा भेटला. चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "काय हो, पोळ्याच्या दिवशी सुनेनं तुमचे बैल कोंडले म्हणते?"

मी जमिनीकडे बघू लागले.

"कोंडले," सासरे म्हणाले. "तुमच्या गावच्या टेकाडाचं गवत यंदा कोणं नेलं?"

पाहुणा घुटमळला. "ठेकेदारानं. दुसरं कोण नेईन?"

"आमचं आमच्या दावणीले हाये." मग मागं वळून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातली जड पिशवी स्वतः घेतली. "चाल वं मेंबर, गाडी सुटून जाईन."