टिपणीस यांची प्रतिक्रिया

कोणत्याही विषयावर प्रतिक्रिया मागितली की मनोहर टिपणीस दोनच प्रश्न विचारत. पहिला, “किती शब्द?” दुसरा, “बाजूने की विरोधात?” उत्तर मिळाले की ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत, पुन्हा लावत आणि सांगायला सुरुवात करत. काचा पुसून होईपर्यंत मत तयार झालेले असे. अर्थसंकल्प असो, कांद्याचा भाव असो की नगरपालिकेने लावलेले कारंजे असो, यापेक्षा जास्त वेळ त्यांना लागलेला मी पाहिला नव्हता.

टिपणीस बदलापूर पूर्वेला कात्रपमध्ये राहत. अंबरनाथच्या एका रसायन कारखान्याच्या स्टोअर्स खात्यातून निवृत्त झालेले. उंची बेताची, शर्ट कायम निळा, कारण फोटोत निळा चांगला येतो. मी तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्याचा वार्ताहर होतो. आमच्या दैनिकाला प्रत्येक घडामोडीवर ‘नागरिक काय म्हणतात’ ही चौकट लागे आणि ती संध्याकाळच्या आत भरून द्यावी लागे. दुपारच्या वेळी कात्रपमध्ये भेटणारा नागरिक एकतर झोपेतून उठून दार उघडतो किंवा घाईत असतो. टिपणीस जागे असत आणि त्यांना घाई नसे.

पहिली भेट रस्त्याच्या खोदकामावर झाली. ते चराच्या कडेला हात मागे बांधून उभे होते. मी ओळख करून दिली आणि प्रतिक्रिया मागितली. दोन प्रश्न आले. विरोधात, असे मी सांगितले. चष्मा पुसून झाला.

“‘आम्ही कर भरतो तो चरात पडायला का?’ एवढं घ्या. याच्या पुढचं वाक्य लांब आहे, ते तुमच्याकडे कापतात.” मग त्यांनी खिशातून पासपोर्ट आकाराचा फोटो काढून दिला. “हा ठेवा. यात डोळे उघडे आहेत.”

त्या दिवसापासून ते आमचे झाले. अर्थात फक्त आमचे नव्हे. या पट्ट्यात येणाऱ्या प्रत्येक वार्ताहराकडे त्यांचा नंबर होता आणि गरजेनुसार त्यांचा हुद्दा बदलत असे. गॅस महागला की ते ‘गृहस्थ’, पाणी आले नाही की ‘त्रस्त रहिवासी’, निवडणुकीत ‘ज्येष्ठ मतदार’. एकदा भाजीबाजार हलवण्याच्या प्रश्नावर ते एकाच सकाळी दोन वर्तमानपत्रांत आले, एकात बाजूने आणि दुसऱ्यात विरोधात, फोटो तोच. मी विचारले तेव्हा त्यांना त्यात वावगे काही वाटले नाही.

“दोघांचीही चौकट अडली होती,” ते म्हणाले. “पत्रकार, एक सांगतो. पेपराला माणूस हवा असतो. मत तुमच्याकडे असतंच. आणि प्रतिक्रिया म्हणजे शिंक. आली की द्यायची. नंतर तिचा विचार करत बसायचं नाही.”

त्यांच्या पत्नी वसुधाकाकू यांचे या विषयावरचे म्हणणेही नोंदवले पाहिजे. मी घरी गेलो की त्या चहा ठेवत आणि स्वयंपाकघरातून बोलत. “ह्यांचं मत हवं असेल तर पेपर वाचावा. घरात विचारा, वांगी आणू की भेंडी? म्हणतात, बघ तुला काय वाटतं ते.”

“अगं, भाजीवर कोण प्रतिक्रिया घेतं?”

“मी घेते. गेली कित्येक वर्षं. मला कुणी देत नाही.”

असे सगळे सुरळीत चालू असताना एका विमान कंपनीने आपले बोधचिन्ह बदलले. या कंपनीच्या विमानांची शेपटी लाल होती आणि तिच्यावर पांढरा उडता बगळा होता. तो गेला. त्याच्या जागी गडद जांभळा रंग आणि एक तिरकी सोनेरी रेघ आली. देशभर लोक त्यावर बोलू लागले. कुणाला ती रेघ पैठणीचा काठ वाटली, कुणाला मिठाईच्या खोक्यावरची फीत, कुणाला औषधाचे पाकीट. संपादकांचा फोन आला: आपल्या भागातली चौकट द्या.

मी आधी उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत, कॅम्प एकमध्ये, मोतीराम शेठकडे गेलो. त्यांचे बॅगांचे दुकान. त्याच बगळ्याची छापील नक्कल असलेल्या हातबॅगांची चळत दुकानात छतापर्यंत लागलेली होती. “साईं, मेरे बगले का क्या होगा?” त्यांनी मलाच विचारले. नव्या चिन्हाबद्दल मत विचारल्यावर म्हणाले, “अच्छा है. एक लाइन है, छापने में आसान. आठ दिन में मेरे यहां मिलेगा.” तिथून बदलापूरजवळच्या चामटोलीत गेलो. एक शेतकरी बांधावर उभे राहून वर बघत होते. ते म्हणाले, “आमाला इमान खालून दिसतं. पोट पांढरं व्हतं, अजून पांढरंच हाय. शेपटीला काय फासायचं ते फासा.” माझ्या मते ती त्या दिवसाची सर्वोत्तम प्रतिक्रिया होती. बोधचिन्हाविषयी त्यात काही नाही म्हणून डेस्कवर ती गळाली.

शेवटी टिपणीसांना फोन केला. ते आयुष्यात विमानात बसले नव्हते. त्याने आम्हा दोघांनाही काही फरक पडत नव्हता.

“किती शब्द?”

“थोडेच. मथळ्याला चालेल असं काहीतरी.”

“बाजूने की विरोधात?”

“विरोधात. बाजूने आधीच मिळालंय.”

काचा पुसल्या जात असाव्यात. “घ्या. ‘जुना बगळा परत येईपर्यंत मी या विमानात पाऊल ठेवणार नाही.’”

सकाळी चौकटीचा मथळा तोच होता, “पाऊल ठेवणार नाही!” असा, उद्गारचिन्हासकट. खाली निळ्या शर्टातले टिपणीस, डोळे उघडे. त्यांनी कात्रण स्वतःच घरच्या ग्रुपवर पाठवले. त्याच्या खाली त्यांची मुलगी केतकी हिचा संदेश आला. ती बंगळूरला असते. “बाबा, तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तुमची आणि आईची तिकिटं काल काढली. ह्याच विमानाची.”

आतापर्यंतच्या एकाही प्रतिक्रियेने टिपणीसांकडून काही मागितले नव्हते. कारंज्याला विरोध केल्यामुळे त्यांना कारंज्यापासून लांब राहावे लागले नव्हते. हे वाक्य मात्र घरी परत आले. दूध डेअरीवाल्याने विचारले, “काका, बंगळूरला चालत का?” सोसायटीच्या सेक्रेटरींनी जिन्यात थांबवून सांगितले, “टिपणीस, पेपरात दिलंय तुम्ही. शब्द म्हणजे शब्द.” ज्यांनी इतक्या वर्षांत त्यांची एक ओळ वाचली नव्हती त्यांनाही ही पाठ होती.

टिपणीसांनी रेल्वेने जाण्याचा प्रस्ताव मांडला. तो काकूंनी फेटाळला.

“मी विमानाने जाणार. खिडकी माझी आहे, केतकीने सांगितलंय.”

“आणि मी?”

“तुम्ही तुमच्या शब्दाला जागा. वास्तुशांतीला मी सांगेन, ह्यांचा बगळा हरवलाय.”

प्रवासासाठी बॅग हवी म्हणून ते कॅम्प एकला निघाले तेव्हा मीही बरोबर होतो. मोतीराम शेठने त्यांना कात्रणातल्या फोटोवरून ओळखले. “साहब, आप तो नहीं बैठने वाले थे ना? फिर बैग किसके लिए?”

“बैग बैठेगी. मैं नहीं,” टिपणीस म्हणाले.

मोतीराम शेठने क्षणभर विचार केला आणि बगळ्याची हातबॅग काढून काउंटरवर ठेवली. “तो ये ले जाओ. अपना बगला साथ में. पेपर वाले को बोलना, मैं बगले के साथ ही बैठा.”

परतताना ती बॅग टिपणीसांच्या काखेत होती. बदलापूर जवळ आल्यावर ते म्हणाले, “पत्रकार, बगळा मला आवडायचा का हो?”

हे मला माहीत असण्याचे कारण नव्हते. पण एक माहिती माझ्याकडे होती, ती दिली. कंपनी सगळी विमाने एकदम रंगवत नाही. जे विमान मोठ्या दुरुस्तीला जाते ते नव्या रंगात बाहेर येते. त्यामुळे बरीच विमाने अजून जुन्या रंगात उडत होती. त्यांच्या वाट्याला कोणते येईल ते विमानतळावर गेल्यावरच कळणार होते.

टिपणीसांनी चष्मा काढला. “म्हणजे बगळा अजून उडतोय?”

“काही विमानांवर.”

“मग मी विमानतळापर्यंत जातो. पुढचं काचेतून बघू.”

हे कात्रपमध्ये पसरायला वेळ लागला नाही. निघण्याच्या दिवशी डेअरीवाल्याचा कौल बगळ्याला होता आणि सेक्रेटरींचा रेघेला.

सकाळी मला फोन आला. आवाज चढलेला. “पत्रकार, बगळा! काचेतून समोर दिसतोय. शेपटी लाल, बगळा पांढरा, पंखाखाली थोडा रंग उडालाय. आमच्याच गेटवर लागलाय. लिहून घ्या.” मागे ध्वनिक्षेपकावर काही सांगितले जात होते. “थांबा, काय म्हणतायत... वसुधा, काय म्हणाले? कुठलं गेट?” फोन बंद झाला.

पुढचे त्या दोघांनी नंतर सांगितल्याप्रमाणे. बगळ्याचे विमान नागपूरला जाणार होते. बंगळूरचे गेट बदलले होते आणि ते लांब होते. तिथे काचेपलीकडे उभे होते ते जांभळे, सोनेरी रेघेचे, नुकतेच रंगवलेले, इतके चकचकीत की त्यात शेजारच्या गाड्या दिसत होत्या. टिपणीस काचेशी उभे राहिले. रांग लागली. काकूंनी पर्समधून त्यांचा बोर्डिंग पास काढून त्यांच्या हातात दिला.

“हा तुमचा. मी पुढे जाते. यायचं तर या, नाही तर घरी कणीक मळलेली नाहीये, बाहेर खा.” आणि त्या रांगेत गेल्या.

टिपणीसांच्या म्हणण्यानुसार, काकूंचा नंबर आला तेव्हा पास यंत्रावर कसा धरायचा ते त्यांना कळेना आणि त्यांनी मागे वळून पाहिले. “बोलावलं नाही हो तिने. बँकेत फॉर्म भरताना वळून बघते ना, तसं. सवयीने.” काकूंच्या म्हणण्यानुसार असे काहीही घडले नाही, त्यांना पास धरता येत होता आणि त्यांनी मागे पाहिलेच नाही. दोन्ही बाजू इथे नोंदवल्या आहेत. वादातीत एवढेच की टिपणीस बगळ्याची बॅग घेऊन रांगेतल्या लोकांना “जरा, जरा” म्हणत पुढे गेले आणि विमानात बसले.

दुपारी बंगळूरहून फोन आला. या वेळी त्यांनी प्रश्न विचारले नाहीत.

“मी पाऊल ठेवलं. नव्या रंगातच. हे छापा. त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या फोटोसह.”

“काका, बॅगेवर बगळा होता की. तसं लिहिता येईल.”

“तो मोतीरामचा बगळा. त्यावर माझा शब्द फिटत नाही. मी बसणार नाही म्हणालो आणि बसलो, एवढंच लिहा.”

मी संपादकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “आपली चूक असेल तर खुलासा छापू. त्यांचं मत बदललं ही आपली चूक नाही.” नियमाप्रमाणे ते बरोबर होते. वर्तमानपत्रात चुकलेल्या आकड्याला जागा असते, चुकलेल्या नावालाही असते. नागरिकाची बदललेली प्रतिक्रिया छापण्यासाठी कोणतीही चौकट नाही.

टिपणीसांना तसे कळवले. ते म्हणाले, “म्हणजे विरोध छापायला जागा आहे. तो संपला हे छापायला नाही.”

पंधरवड्याने ते कात्रपला परतले. डेअरीवाल्याला आणि सेक्रेटरींना त्यांनी स्वतःहून गाठून सांगितले की आपण बसलो. पण पेपरातली ओळ तशीच उभी होती आणि ती त्यांना खुपत राहिली. त्यानंतर त्यांच्याकडे प्रतिक्रिया मागितली की ते म्हणत, “मला दोन दिवस द्या. आधी बघून येतो.” चौकटीला दोन दिवस नसतात. वार्ताहरांनी दुसरे नागरिक शोधले. मीही शोधले. काकूंनी मात्र एकदा भाजीवाल्यासमोर मला थांबवून सांगितले, “अहो, परवा ह्यांनी मत दिलं. भेंडी म्हणाले. स्वतःहून.”

पुढे कात्रपचे घर विकून दोघे केतकीकडे बंगळूरला राहायला गेले. निघताना टिपणीसांनी हस्तांदोलन केले आणि विचारले, “ते राहिलंच ना आपलं?” काय राहिले ते मी विचारले नाही.

हे व्यक्तिचित्र लिहायला घेतले तेव्हा परवानगीसाठी त्यांना फोन केला. त्यात त्यांची बदललेली प्रतिक्रिया छापता येईल, असे सांगितले.

“किती शब्द?” ते म्हणाले.

“हवे तेवढे.”

दुसरा प्रश्न आला नाही. चष्मा पुसला जात असावा. या वेळी खूप वेळ पुसला गेला. मग त्यांनी मजकूर सांगितला आणि मागाहून फोटो पाठवला. विमान वर चढत असताना तो काकूंनी काढला आहे. निळा शर्ट, मांडीवर बगळ्याची बॅग, दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. खाली ओळ होती: “हाच छापा. ही शिंक नाही.” फोटोसाठी जागा मिळेल की नाही सांगता येत नाही. प्रतिक्रिया एकही शब्द न कापता देत आहे.

“नवा रंग मला आवडलेला नाही. जुन्या बगळ्याकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं, शेवटच्या दिवशी पाहिलं, तो चांगला होता. विमानात पाऊल ठेवणार नाही असं मी म्हणालो होतो ते मागे घेतो, कारण माझी बायको पुढे गेली होती.”

— मनोहर टिपणीस, नागरिक, बंगळूर (पूर्वी कात्रप)