आणि पुढं?

माझ्या लेकीला कॉमिक्सचं लय वेड. त्यातही एकटा वीर तिला चालत नाही, अख्खी फौज लागते. मानवतच्या बसस्टँडवरून जुनी, कोपरे दुमडलेली पुस्तकं आणायची आणि मी भाकरी थापत असले की शेजारी बसून भुणभुण लावायची. "आई, नवीन वाचणाऱ्याला काय माहीत कोण कोण हाय ते? म्हणून पहिल्याच पानावर सगळ्यांच्या चौकटी. चेहरा, नाव, अन् त्याला काय येतं. बस."

"आडनाव?"

"कुनालाच नसतं."

"मग बरंय की त्यांचं," मी म्हणाले. आणि खलनायक तर येतानाच खदाखदा हसत, मी कोण, तुमचं काय वाटोळं करणार, सगळं ओरडून सांगतो. इतका प्रामाणिक वाईट माणूस मी जन्मात पाहिला नाही.

दहावीनंतर तिला परभणीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. डॉक्टरकीची शिकवणी सुटेपर्यंत आमच्या गावाची शेवटची बस निघून जायची. खोली मिळाली तरच शिकवणी जमणार होती. म्हणून आम्ही दोघी खोली बघायला गेलो.

मालकीणबाई भारी गोड. चहा दिला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, "खोली तुझीच समज" म्हणाल्या. मग नाव विचारलं. लेकीनं स्वतःचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं.

"आणि पुढं?"

"पुढं मला डॉक्टर व्हायचंय."

पोरगी खरंच तसं समजली होती. बाई हसल्या. "तसं न्हाई गं. आडनाव."

तिनं सांगितलं. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला, आडनाव तेच राहिलं. ते ऐकलं की लोकांना बाकी काही ऐकायची गरज पडत नाही. बाई हसतच आत गेल्या आणि तशाच हसत बाहेर आल्या. "बघा ना ताई, ह्यांनी आधीच एका पाव्हण्याला शब्द दिलाय. माझ्या ध्यानातच न्हवतं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण पोरीसमोर तमाशा नको म्हणून चपला घातल्या आणि निघाले.

त्या आठवड्यात लेक स्वतःचं कॉमिक काढत बसली होती. वीरांच्या चौकटी भरल्या, खलनायकाची कोरीच. मी तणतणले, "काढ की त्या बाईला."

"कशी काढू? हसायलीच होती ती. नवीन माणसाला कळायचंच न्हाई."

रविवारी दुसरं घर बघितलं. म्हातारे मालक ओट्यावर बसले होते. त्यांनी नाव विचारलं, तर लेकीनं सगळ्यात आधी आडनावच सांगून टाकलं, मग बाकीचं.

"बरं. आणि पुढं?"

"पुढं काय न्हाई. पूर्ण सांगितलं."

म्हातारे गोंधळले. "तसं न्हाई बाळ. शिकून पुढं काय व्हायचंय?"

लेक खाली बघत राहिली. खोली आम्हाला त्यांनीच दिली. पण डॉक्टर व्हायचंय, हे त्या ओट्यावर मला सांगावं लागलं.