बिडकीनजवळचा पहिला मुक्काम

करपलेल्या लसणाच्या फोडणीचा वास आला की बिडकीनच्या अलीकडचा तो ढाबा आठवतो. आमच्या जुन्या टेम्पोत पलंग, ओटा, पंखा सगळं मी स्वतः उभी राहून बसवून घेतलं होतं आणि त्यात झोपायची ती पहिलीच रात्र होती. गाडी अंगणात लावायला ढाबेवाले लगेच तयार झाले, पण आम्ही गाडीतच झोपणार म्हटल्यावर अडून बसले. "दारी आलेल्या पाव्हण्यानं गाडीत झोपायचं व्हय? लोक तोंडात शेण घालतील आमच्या." नवरा तेवढ्यावर विरघळला आणि मी त्यांच्या घरातल्या बाजेवर चरफडत पडले. सकाळी त्यांची म्हातारी आई माझ्या टेम्पोतून उतरली. "राखणीला म्हून निजले बाई. गादी लई मऊ हाय." आता कुठंही मुक्कामाला पोचलो की मी आधी आतून कडी लावते आणि यजमानांना नमस्कार खिडकीतून करते.