गिअर वाढव

आमच्याकडे गाडीचा वरचा गिअर टाकायचा असला की ‘गिअर वाढव’ म्हणतात. नुसतं ‘वाढव’ म्हटलं तरी कळतं. मला हा शब्द माझ्या नवऱ्यानं शिकवला. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा केळापूरहून यवतमाळला डायलिसिसला न्यावं लागे. एसटीनं परतताना त्यांना उलट्या व्हायच्या. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी घरची जुनी जीप चालवायला शिकले.

ते शेजारी बसून इंजिनाचा आवाज ऐकत. मी दुसऱ्या गिअरमध्येच गाडी रेटत राही.

“वाढव ना वो आता. कशी वरडून राह्यली ते!”

“बंद पडली तं?”

“पडू दे. मी हाय ना बाजूले.”

जाताना असं बोलणं चाले. येताना मात्र ते डोळे मिटून पडलेले असत, आणि मी एकटीच आवाजाचा अंदाज घेत गाडी हाकी. पुढे पुढे जातानाही ते गप्प राहू लागले. मी चुकले तरी काही म्हणत नसत.

कापूस फुटायला लागला तेव्हा ते गेले.

अंगणात बायका जमल्या होत्या. चुलतसासू माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “बांगड्या वाढव, बाई.”

बांगडी फोडली असं तोंडानं म्हणू नये, म्हणून आपण वाढवली म्हणतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या घडीला फक्त ‘वाढव’ एवढंच ऐकू आलं, आणि माझा डावा हात आपोआप गिअरकडे जावा तसा पुढे झाला. चुलतसासूला वाटलं, मी हात दिला. तिनं तो धरला आणि दगडावर टेकवला. मी ओढून घेतला नाही.

नंतर जीप बरेच दिवस लिंबाखाली उभी होती. “इकून टाक,” सासूबाई म्हणायच्या. मी हो म्हणायची, पण कोणाला विचारलं नाही.

थंडीत सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा तीच जीप काढली. पुढची सीट रिकामी ठेवून त्या मागे बसल्या. यवतमाळला डायलिसिसच्याच दवाखान्यात जायचं होतं. दवाखान्याच्या गेटवरच्या माणसानं मला ओळखलं.

“आज भाऊ नाई आले?”



“नाई,” मागून सासूबाई म्हणाल्या, आणि दाराची कडी चाचपू लागल्या.