कुंपणातली कडुनिंबाची काडी

त्या सकाळी आईचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या खोलीवर चहा गाळत होते. सकाळी आई कधी फोन करत नाही. “आज देवाजी आलाच नाई,” ती म्हणाली. मी म्हटलं, बरं नसेल, गाडी बिघडली असेल... ती म्हणाली, “स्टँडवर सगळे म्हणून राह्यले, पिऊन पडला असन.” तिच्या मागून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज येत होता. तासाभरानं पुन्हा फोन वाजला. देवाजीभाऊ गोठ्याच्या दाराशी सापडला होता. बैल सोडायला गेला, छातीत कळ आली आणि तिथंच गेला. दावं हातात तसंच होतं.

म्हणजे तो गोठ्यात मरून पडलेला असताना गाव स्टँडवर उभं राहून त्याच्यावर दारूचा आळ घेत होतं. आता काही आठवडे झाले. लोक त्याच्याबद्दल चांगलंच बोलतात, मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. माझ्या कानातून मात्र ते ‘पिऊन पडला असन’ जात नाही.

देवाजी मडावी आमच्या गावचा जीपवाला. आमचं गाव कुरखेडा तालुक्यातलं, रस्त्याच्या दोन्ही अंगाला धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, आणि पुढे लगेच जंगल. एसटी येते तेव्हा येते, एरवी सगळी ये-जा काळी-पिवळी जीपनं. गाडी बंडूभाऊ नावाच्या मालकाची, पण लोक तिला ‘देवाजीची गाडी’ म्हणत. मी शाळेत असताना एका लग्नावरून वऱ्हाड घेऊन येताना ही गाडी मोरीजवळ रस्ता सोडून बांधीत उतरली. चिखल होता म्हणून सगळे वाचले. एका म्हातारीचं मनगट तेवढं मोडलं. देवाजीभाऊच्या तोंडाला मोहाच्या दारूचा भपकारा येत होता. पोलीस आले, कोर्ट झालं, दंड झाला, काही दिवस आत राहावं लागलं, लायसन गेलं. दारूबंदीच्या जिल्ह्यात दारू पिऊन गाडी चालवणारा म्हणून त्याची बदनामीही दुप्पट झाली. ज्या कलमाखाली शिक्षा झाली त्याचा आकडा एकशे पंच्याऐंशी. चहाच्या टपरीवर तेच त्याचं नाव पडलं. “ओ एकशे पंच्याऐंशी, चाय घेता का?” तोही हसून घ्यायचा.

माझी आई गावच्या महिला मंडळाची अध्यक्ष. दारूच्या भट्ट्या फोडणारी. नुसत्या वासावरून मोहाचा सडवा, दारूसाठी आंबवलेली फुलं, कुठल्या झुडपात पुरलाय ते सांगायची. वडशाच्या प्रेसमधून दारूबंदीच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरी यायचे आणि त्यांच्या घड्या घालत मी वाचायला शिकले. मी आजही बंदीच्याच बाजूची आहे. दारूनं मोडलेल्या बायका मी आमच्या ओसरीवर बसलेल्या पाहिल्या आहेत, त्यामुळे या बाबतीत मला कुणी मवाळपणा शिकवू नये. देवाजीभाऊ आमची पत्रकं मन लावून वाचायचा. एकदा मला म्हणाला, “ताई, हे सोडा सोडा लय लिवलं तुमी. सोडल्यावर काय धराचं, ते बी लिवत जा ना.”

त्यानं खरोखर सोडली होती. लायसन परत मिळालं तसा तो काम शोधायला निघाला. वरोऱ्याला जिनिंगच्या ट्रॅक्टरवर विचारलं, चंद्रपूरला कोळशाच्या ट्रकवाल्यांकडे खेटे घातले, एटापल्लीकडे कुणाला तरी गाडीवर माणूस हवा होता तिथंही जाऊन आला. सगळीकडे एकच प्रश्न, आधी काही केस? आणि हा सांगून टाकायचा. त्याची बायको जनाबाई चिडायची, “सांगता काऊन तुमी?” तो म्हणायचा, “पोलीस पडताळणीत निघनच. मंग दारुड्या तं हावोच, खोटारडा बी होईन.” उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात लोकांच्या बांधीत रोवणी, असे त्याचे हंगाम गेले. गाडी चालवणारा माणूस रस्त्याच्या कडेनं डोक्यावर भारा घेऊन चालायचा आणि मागून हॉर्न वाजला की आधी गाडीचा आवाज ऐकत उभा राहायचा.

शेवटी जनाबाई आमच्याकडे आली. “बाई, तुमी म्हनता दारू सोडा. यानं सोडली. आता?” आई उठली आणि बंडूभाऊकडे गेली. बंडूभाऊ म्हणाला, “मी आज देतो ना चाबी. पन बाया बसतीन का त्याच्या गाडीत? तुमच्याच बाया.” हे खरं होतं. तेव्हा आईनं तोड काढली. आमचं घर स्टँडला लागूनच, फाटक सगळ्यांना दिसतं. देवाजीनं रोज सकाळी गाडी काढायच्या आधी फाटकाशी यायचं, आई त्याच्या तोंडाचा वास घेईल, ती ‘जा’ म्हणाली की बायांनी गाडीत बसायचं. बाया कबूल झाल्या. देवाजीभाऊ तर एवढा हरखला की आईच्या पायाच पडला.

पहिल्या दिवशी तो दात घासून, बडीशेप चावून आला. स्टँडवरची एक म्हातारी ओरडली, “बडीशेप खाऊन आला तं बाईले काय समजन?” दुसऱ्या दिवसापासून तो तोंड न धुता येऊ लागला. चहा नाही, चूळ नाही. सकाळच्या पहिल्या तोंडानं यायचा, हात जोडून फाटकाशी वाकायचा आणि भरपूर श्वास सोडायचा. आईही तोवर चहा घ्यायची नाही, नाकात दुसरा वास नको म्हणून. “रात्री मुळ्याची भाजी होती बाई, तेवढी माफ करा.” “मुळा दुपारी खात जा,” आई म्हणायची, “जा.” मग तो आमच्या नळावर कडुनिंबाच्या काडीनं दात घासायचा. लांब काडी आणायचा, चावलेलं टोक मोडून उरलेली उद्यासाठी आमच्या बांबूच्या कुंपणात खोचून ठेवायचा. मग दोनदा हॉर्न, आणि गाडी कुरखेड्याकडे.

हे वर्षानुवर्षं चाललं. मी शाळा संपवून कॉलेजला गेले, पत्रकांच्या घड्या घालणारी मी पत्रकं लिहू लागले, आणि सुट्टीत घरी आले की सकाळी तेच दृश्य. एवढ्या वर्षांत एकदाही आई ‘जा’ सोडून दुसरं काही म्हणाली नाही. आमच्या रस्त्यावर इतर गाड्याही होत्या. बाजाराच्या दिवशी त्यांतले काही ड्रायव्हर डोळे लाल करून यायचे हे सगळ्यांना माहीत होतं. ते कधी सापडले नाहीत, म्हणून त्यांना कुणी फाटकाशी बोलावलं नाही.

मग एका निवासी शाळेत ड्रायव्हरची जागा निघाली. मुलांची गाडी, महिन्याचा पगार, राहायला खोली. देवाजीभाऊनं अर्ज केला, विचारलं तेव्हा नेहमीसारखी केस सांगितली, आणि वर म्हणाला, आमच्या बाईले विचारा. स्वतःसाठी काही मागायला तो त्याआधी आमच्याकडे कधी आला नव्हता. “एक डाव बोलून पाहा बाई. ही भेटली तं जिंदगी सुधरून जाईन.” मी सुट्टीवर होते, आईबरोबर मीही गेले. आईनं अधीक्षकांना सगळं सांगितलं. हा माणूस पीत नाही, मी स्वतः रोज सकाळी वास घेते. अधीक्षक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, “बाई, तुमच्याबद्दल आदरच आहे. पण मला सांगा, ज्याच्या तोंडाचा वास तुम्हाला अजून रोज घ्यावा लागतो, त्याच्या हाती मी पोरं कशी देऊ? तुमचाच भरवसा नाही, तर माझा कसा बसेल?”

मी तावातावानं बरंच बोलले. त्याचा काही उपयोग झाला नाही. परतीच्या वाटेवर एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. जे आम्ही त्याच्या बाजूनं दाखवत होतो, तेच त्याच्या विरुद्ध उभं राहिलं होतं. कोर्टाच्या शिक्षेला शेवटचा दिवस होता, तो येऊन गेला. आम्ही घातलेल्या अटीला शेवटचा दिवस घालायचं आमच्या मंडळाच्या एकाही बैठकीत कुणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो फाटकाशी आला. आई म्हणाली, “त्या शाळेत नाई जमलं, देवाजी. त्यांनी दुसरा पाह्यला.” तो मान हलवून “चालाचंच,” म्हणाला. मग आई म्हणाली, “आन् उद्यापासून वास द्याले येत नको जाऊ. पुरे झालं आता.”

मला वाटलं, त्याला मोकळं वाटेल. त्याचा चेहरा उतरला. “काऊन बाई? माह्यं काई चुकलं का?”

“नाई चुकलं.”

“मंग बंद काऊन करता? तुमी ‘जा’ नाई म्हटलं तं गाडीत कोन बसन?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. अधीक्षक काय म्हणाले ते त्याला सांगायची हिंमत दोघींचीही झाली नाही. ज्या गोष्टीवर त्याची रोजची भाकर होती तीच त्याच्या नोकरीच्या आड आली, हे कोणत्या तोंडानं सांगणार? दुसऱ्या सकाळी तो तसाच न धुतल्या तोंडानं आला. आई बाहेर आली. त्यानंतर मात्र ती त्याच्याजवळ वाकायची नाही. लांबूनच, दुसरीकडे बघत ‘जा’ म्हणून टाकायची. एके दिवशी मी ओसरीवर असताना तो हळूच म्हणाला, “बाई, लोक पाह्यते. बराबर घ्या ना.” आणि आईनं पदर नाकापासून बाजूला करून बरोबर वास घेतला.

त्याच्या दिवसांना आम्ही दोघी गेलो. त्यांच्या आदिवासी रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाला मोहाच्या दारूचे थेंब वाहतात. त्याचा भाऊ पानाचा द्रोण भरून घेऊन बसला होता, पण हात पुढे जाईना. सगळे आईकडे बघत होते. जनाबाई म्हणाली, “बाई, द्याव का नाई? तुमीच सांगा. बापाच्या वेळेस बी त्यानं तोंडाले लावली नाई. म्हने, सकाळी बाईपाशी जाचं हाये.” हे आम्हाला माहीत नव्हतं. स्वतःच्या बापाला वाहिलेल्यातला घोटही त्यानं घेतला नव्हता, आणि त्यासाठी नातेवाइकांचे बोल ऐकले होते... आमच्या कानावर त्यानं कधी येऊ दिलं नाही. आई म्हणाली, “मले काऊन विचारता? तुमचा मानूस हाये. द्या. आता त्याले कुठी गाडी चालवाची हाये.”

बंडूभाऊनं गाडीवर नवीन पोरगा ठेवला आहे. चांगला असेल, वाईट असेल, मला माहीत नाही. त्याच्यावर केस नाही, म्हणून त्याला कुणी काही विचारलं नाही. मागच्या आठवड्यात घरी होते तेव्हा पाहिलं, आई अजूनही सकाळी चहा न घेता फाटकाशी येऊन उभी राहते. जीप न थांबता निघून जाते, बाया आतून हात करतात. मग आई आत येऊन चहा ठेवते. कुंपणात नळाच्या बाजूला देवाजीभाऊची काडी अजून खोचलेली आहे. साल वाळून सुटत चाललीय. एक टोक मोडलेलं, आणि उरलेली काडी अजून चांगली लांब आहे, चार-आठ सकाळी सहज पुरेल एवढी.