पितृपंधरवड्यातलं ऑपरेशन

मंजुळाबाई म्हात्रे यांच्या बेंबीजवळ लिंबाएवढी गाठ आली होती. भाकरीची उकड मळायला बसल्या की ती बाहेर यायची आणि आडव्या झाल्या की आत जायची. सर्जन डॉक्टर सामंत म्हणाले, हर्निया आहे, घाई नाही, सवडीने करून टाका.

घाई मंजुळाबाईंना होती. शेती आणि मिठागर दोन्ही गेल्यावर, नवऱ्यामागे त्या जगल्या त्या लग्नघरच्या तांदळाच्या भाकऱ्यांवर. गोडदेवपासून डोंगरी-तारोडीपर्यंतच्या गावांतून हळदीच्या घरची बोलावणी त्यांनाच यायची. तुळशीची लग्नं लागली की हंगाम सुरू, आणि ऑपरेशननंतर दोन महिने वजन उचलायचं नाही. म्हणजे भाद्रपदात झालं तर झालं. गेल्या वर्षी पोट दुखतं म्हणून त्यांनी दोन घरं सोडली होती. त्या घरांनी तरुण बायका बोलावल्या आणि पुन्हा यांना विचारलंच नाही. आणखी एक हंगाम हुकला की संपलंच. मुलगा धर्मेश म्हणाला होता, आई, आता बस कर, मी कमावतोय. त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

डॉक्टर सामंतांच्या भाईंदरच्या हॉस्पिटलात तपासण्यांची माळच लागली. रक्त, लघवी, छातीचा फोटो, ईसीजी, सोनोग्राफी. सगळं त्यांच्याच लॅबमध्ये, बाहेरचं चालणार नाही. वय बघून हृदयाचीही सोनोग्राफी सांगितली. गाठ तर पोटाला आहे, एवढं बोलून त्यांनी गाठीशी होते ते पैसे भरले. तारीख मिळाली. पण ती यायच्या आतच डॉक्टर सामंत गणपतीला गावी गेले ते विसर्जन करूनच परतले.

मंजुळाबाई पुन्हा गेल्या तेव्हा काउंटरवरच्या रसिकाने फाईल उलटसुलट केली. "आजी, हे रिपोर्ट पंधरा दिवसच चालतात. सगळे परत करायला लागतील."

"रगताचा गट पन?"

"पॅकेज असतं ना. रूल आहे."

"पंधरा दिवसांत माजा गट बदलला? गनपतीला गेला तुमचा डॉक्टर, न् जुनी झाले मी?"

रांगेतलं कोणीतरी हसलं. रसिकाने पुढच्याला बोलावलं. मंजुळाबाई घरी गेल्या नाहीत, समोरच्या बाकावर बसल्या. परत पैसे भरायचे तर मुलापुढे हात पसरावा लागणार होता, आणि मग तो म्हणेल तसं घरी बसावं लागणार होतं.

बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं, की मागच्या खेपेला टेकायला जागा नव्हती, आज खाटांवर नुसत्या घडीच्या चादरी. स्ट्रेचरवर वॉर्डबॉय झोपलेला. त्यांनी वासंती नावाच्या आयाला विचारलं. ती म्हणाली, पितृपक्ष लागला ना, ज्याला थांबता येतं तो थांबतो, सर्वपित्रीपर्यंत असंच.

डॉक्टर सामंत बाहेर आले तशा त्या उठून वाट अडवून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, पितरांत तुमच्याकडं कोन येतंय? मी येते. पन ह्याच रिपोर्टांवर."

तपासण्या तुमच्याच जिवासाठी असतात, साखर वरखाली होते, असं डॉक्टर समजावू लागले.

"मंग साखर बघा. बदलतंय त्याचं पैसं देते. बदलत न्हाय त्याचं न्हाय देनार. न्हायतर फाईल द्या, दुसरं हास्पिटल बघते."

डॉक्टरांनी रिकाम्या खाटांकडे बघितलं. तारीख त्यांच्यामुळेच हुकली होती, तेही त्यांना ठाऊक होतं. साखर आणि ईसीजी ठेवून बाकी सगळ्यावर त्यांनी काट मारली. भूल देणारे डॉक्टर गुरुवारी येतील, गुरुवारी या, म्हणाले.

गुरुवारी मंजुळाबाईंच्या नवऱ्याच्या श्राद्धाची तिथ होती. पण दुसरा वार मागितला तर जमलेलं फिसकटेल, म्हणून त्या म्हणाल्या, चालंल.

घरी दीर शिवदास भडकले. भावाच्या तिथीला अंगावर सुरी? दसऱ्यानंतर करा, तपासण्यांचे पैसे मी भरतो, असं ते मनापासून म्हणाले.

"पैसं भराल, भाऊजी. माजा हंगाम कोन भरंल?"

"मग त्या दिवशी मी तुमच्याकडे जेवायला यायचा नाही, वहिनी."

"नका येऊ. कावला येईल."

गुरुवारी पहाटे उठून त्यांनी नवऱ्याच्या आवडीचं सगळं रांधलं. स्वतः पाण्याचा थेंबही न घेता. कावळ्याला पान ठेवायचं काम सुनेकडे देऊन त्या धर्मेशबरोबर रिक्षाने निघाल्या. रिपोर्ट जुने आहेत, जबाबदारी माझी, अशा कागदावर सही मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "आजवर सगलं माज्याच जबाबदारीवर केलंय," आणि सही केली.

अंगावरचं सोनं काढायला सांगितलं. त्या कुड्या आणि पाटल्या काढत होत्या तेवढ्यात दारात शिवदास दिसले. तोंड फुगलेलंच होतं. मंजुळाबाईंनी मुलाला डावलून सगळं त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

"सांभाला. शुद्धीवर आले की बघून घेनार हाय."

शिवदासांनी मूठ घट्ट मिटली.

वॉर्डबॉयने व्हीलचेअर आणली. तिचं वेगळं बिल लागतं का, असं मंजुळाबाईंनी विचारलं. तो घुटमळला. मग त्या पदर खोचून चालतच आत गेल्या.