पाण्याची चंगळ

मी महाडच्या एका शाळेत मराठी शिकवतो. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात वाडीतले नळ महिनाभर कोरडे होते आणि टँकरचा अर्ज कचेरीत पडून होता. मी चिडून एका साप्ताहिकाला लेख पाठवला. ‘आमच्या वाडीत पाण्याची चंगळ आहे. नळ इतके दयाळू, की बायकांना भांडी घासायची तसदीसुद्धा देत नाहीत.’ शाळेत सगळ्यांनी पाठ थोपटली. मी खूश होतो.

आठवड्याने वाडीतली माणसं टँकरची चौकशी करायला गेली, तर कारकुनाने फाईल उघडून लेखाचं कात्रणच दाखवलं.

“तुमच्याच मास्तरांनी लिहिलंय, चंगळ आहे म्हणून. मग टँकर कशाला?”

माणसं परत आली. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. कळलं ते वाडीतली माझी काकी पडली तेव्हा. ओढ्यातल्या खड्ड्यातून हंडा भरून वर चढताना तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. महाडच्या दवाखान्यात प्लास्टर वाळायची वाट बघत ती म्हणाली, “खोटं कशाला लिवलंस रे?”

“खोटं नाय काकी. त्याला उपरोध म्हणतात. मुद्दाम उलटं बोलायचं, म्हणजे समोरच्याला टोचतं.”

“मग कुणाला टोचलं?”



दुसऱ्या दिवशी रजा टाकून कचेरीत गेलो. कारकुनाला ओळ न् ओळ समजावली. ‘दयाळू’ म्हणजे इथे निर्दय, ‘चंगळ’ म्हणजे टंचाई. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग सरळ लिहा ना, पाणी नाही.” त्याला खरंच कळलं नव्हतं, की कळूनच त्याने ते कात्रण फाईलला लावलं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. तिथेच बसून लिहिलं : आमच्या वाडीत पाणी नाही. वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन तो कागद परत नेऊन दिला. पाचव्या दिवशी टँकर आला.

काकीचं मनगट थोडं वाकडंच जुळलं. भाकरी थापताना दुखतं, पण ती मला बोलून दाखवत नाही.

यंदा दहावीला उपरोध शिकवत होतो. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “सर, वाचणाऱ्याला कळलंच नाही तर?”

“परीक्षेत हे विचारत नाहीत,” म्हणून मी पान उलटलं. तिने मान डोलावून वही मिटली, आणि मला माझीच लाज वाटली.